चादर उचलून पाहा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. 'वडील अंथरुणाला खिळले आहेत, घरी करणारे कोणी नाही, अमुक गावी शुश्रूषा केंद्र निघाले आहे, ते चांगले आहे काय?' परवा तर एका गृहस्थांनी केंद्राचे रंगीत माहितीपत्रकच पाकिटात घालून पाठवले. त्यावर बागेचा, देवघराचा आणि जेवणाच्या टेबलांचा फोटो आहे. मी काय उत्तर देणार? माहितीपत्रकावरून केंद्राची परीक्षा करता येत असती तर दोन वर्षांपूर्वी मी स्वतः फसलो नसतो.

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की बाळंतपणाचा नाहीतर अपेंडिक्सचा, दहा-पंधरा खाटांचा खाजगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ वेगळा. ज्यांना स्वतःचे उठणे, बसणे, खाणे, संडासला जाणे जमत नाही अशा म्हाताऱ्या माणसांनी महिनोन् महिने, कित्येकदा शेवटपर्यंत, राहायची जागा म्हणजे तिकडचे नर्सिंग होम. आपल्याला कालपर्यंत अशा जागेची गरज भासली नाही, कारण सून, लेक आणि माहेरी परत आलेली आत्या हेच आपले नर्सिंग होम होते. त्या बायकांना कोणी पगार दिला नाही, हेही जाता जाता नमूद करतो. आता सून नोकरीला जाते, लेक परगावी असते आणि मुलगा पुण्यात किंवा परदेशात. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसे सुमारे १ कोटी ११ लाख होती. तेव्हा जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावी भाड्याच्या बंगल्यात दहा-बारा खाटा टाकून शुश्रूषा केंद्रे निघत आहेत याचे मला नवल वाटत नाही. ती निघायलाच हवीत. प्रश्न एवढाच, की त्यांतली शुश्रूषा मोजायची कशी?

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, वयाच्या ८१ व्या वर्षी उजव्या अंगावरून वारे जाऊन आडवी झाली. भाचा बंगळूरला. माझ्या घरी पत्नीच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले. शेवटी शेजारच्या जिल्ह्यातले एक केंद्र निवडले. निवडले म्हणजे मी निवडले. 'मामा, तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही बघाल ते बरोबर,' असे भाचा फोनवर म्हणाला आणि मीही मोठ्या ऐटीत तपासणीला गेलो. ऑक्सिजनचा सिलिंडर पाहिला, जनरेटर पाहिला, कॅमेरे पाहिले, भिंतीवरची प्रमाणपत्रे चष्मा लावून वाचली. फरशी अशी की चेहरा दिसावा. महिना २२ हजार रुपये ठरले. रविवारी सकाळी दहा ते बारा भेटायची वेळ.

दर रविवारी अक्का खुर्चीत बसवलेली असे. धुतलेले पातळ, विंचरलेले केस, तोंडाला पावडर. बोलणे तिचे आधीच तुटक झाले होते. मी नाडी बघे, रक्तदाब घेई, केळी देई आणि समाधानाने एस.टी. धरी. सहाव्या की सातव्या आठवड्यात फाटकापाशी तिथली एक मावशी मागून आली आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, 'डाक्टरसाहेब, येक डाव त्यांची पाठ बघा.'

चाळीस वर्षे डॉक्टरकी केलेल्या माणसाला हे एका मावशीने सांगावे लागले. मी परत आत गेलो आणि अक्काला खाटेवर घ्यायला लावले. माकडहाडाच्या वर तळहाताएवढी जखम, मधोमध काळी खपली, कडेने घाण पाणी. उजव्या टाचेवर जांभळा फोड. शल्यचिकित्सकाने पुढे ती काळी खपली काढली तेव्हा खाली चरबी दिसत होती. खोलीत इतक्या उदबत्त्या का लावतात, हे मला तेव्हा कळले.

व्यवस्थापक मुळीच गडबडले नाहीत. त्यांनी एक वही पुढे केली. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, त्यापुढे सही. अक्षर सुंदर, शाई एकच. मी वाचत गेलो. त्या वेळी दुपारचे साडेचार झाले होते आणि वहीत संध्याकाळच्या सहाची, आठची आणि रात्रीच्या दहाची कूसही बदलून झाली होती.

असो. केंद्राचे नाव मी छापणार नाही. अशी वही मी पुढे आणखी एका ठिकाणी पाहिली आहे, आणि दोष एका केंद्राचा असता तर त्यासाठी हे सदर खर्ची घातले नसते.

पाठीवरच्या जखमेबद्दल मी इतके का लिहितो, हे आता सांगतो. आपण निरोगी माणसे झोपेतसुद्धा नकळत सारखी हलत असतो. जो हलू शकत नाही त्याच्या माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर अंगाचा सारा भार तासन् तास एकाच जागी पडतो. कातडीतल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांत रक्ताचा दाब जेमतेम तीसेक मिलिमीटर. भार त्याहून जास्त झाला की रक्त थांबते आणि कातडी आतून मरायला लागते. आधी नुसती लाली दिसते, बोट दाबून काढले तरी ती जात नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली कळतही नाही, तेव्हा तिथला कोमटपणा आणि कडकपणा हाताने चाचपावा लागतो. मग साल निघते, मग खड्डा पडतो, शेवटी हाड. यावर उपाय एकच, वेळच्या वेळी कूस बदलणे आणि अंग कोरडे ठेवणे. आमच्या जुन्या वॉर्डांतून पाठीला स्पिरिट चोळून पावडर मारण्याची पद्धत होती आणि रबरी रिंगेवर रुग्णाला बसवत. लाल झालेली जागा चोळू नये आणि रिंग वापरू नये, असे आता ठामपणे सांगितले जाते. हवेची गादी उपयोगी आहे, पण ती गादी आहे. कूस बदलायला माणूसच लागतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास परिचर्येवर जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की अंथरुणातली जखम हा बहुधा रोगाचा दोष नसून परिचर्येचा दोष असतो. शंभर वर्षांनी, १९६२ साली, डोरीन नॉर्टन या इंग्लिश परिचारिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वृद्ध रुग्णांवरचे संशोधन प्रसिद्ध केले. कोणते मलम लावले यापेक्षा कूस किती नियमित बदलली याला मोल आहे, असे त्यांना आढळले. त्यांनी एक साधा तक्ताही दिला. रुग्णाची प्रकृती, मनाची जागरूकता, हिंडणे-फिरणे, अंथरुणात हलणे आणि लघवी-शौचावरचा ताबा, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण. एकूण २० पैकी १४ किंवा कमी आले तर या माणसाला जखम होण्याचा धोका आहे असे समजायचे. कागद-पेन्सिल आणि पाच मिनिटे एवढाच खर्च. अक्काचे गुण मी नंतर मांडून पाहिले, ११ भरले. दाखल करतेवेळी कोणी मांडले नव्हते. कोणी म्हणजे मीसुद्धा.

मी जे तपासले होते त्याला नाव आहे. ॲव्हेडिस डोनाबेडियन नावाचे बैरुतमध्ये जन्मलेले डॉक्टर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवत. वैद्यकीय सेवेचा दर्जा मोजायचा तर तीन जागी पाहावे, असे त्यांनी १९६६ साली मांडले. साधने काय आहेत, प्रत्यक्ष केले काय जाते, आणि रुग्णाचे शेवटी झाले काय. सिलिंडर, जनरेटर, फरशी ही झाली साधने. ती मोजायला सोपी, म्हणून आपण सगळे तीच मोजतो. नातेवाईक तेच करतात, तपासणीचे छापील अर्जही बहुतांशी तेच विचारतात: खाटा किती, खाटांमधले अंतर किती, संडास किती. रात्री दोन वाजता कूस बदलली का, हे विचारणारा रकाना कुठे असतो?

आता अमेरिकेचे पाहा. त्या देशाचे सारेच आदर्श आहे असे समजण्याचे कारण नाही, पण या बाबतीत त्यांनी ठेचा खाल्ल्या आहेत आणि त्या आपल्याला फुकटात शिकता येतात. तिथल्या नर्सिंग होममधल्या हालअपेष्टांवर १९८६ साली एक मोठा अहवाल आला आणि १९८७ साली कायदा झाला. तेव्हापासून प्रत्येक रहिवाशाची ठराविक काळाने ठराविक नमुन्यात पाहणी होते: जखम आहे का, वजन घटले का, पडला का, लघवीची नळी आहे का, बांधून ठेवला आहे का. तपासणीस न कळवता येतात, दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून जास्त अंतर ठेवता येत नाही, आणि तपासणीची तारीख आगाऊ फोडणाऱ्याला दंड आहे. हा शेवटचा नियम वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले. याचा एक परिणाम नजरेत भरण्यासारखा झाला. पूर्वी तिथे शंभरातल्या चाळीसेक म्हाताऱ्यांना 'पडू नयेत म्हणून' खाटेला किंवा खुर्चीला बांधत. आता शंभरात दोनही निघत नाहीत. आणि बांधल्याने माणूस सुरक्षित राहतो ही समजूतही खोटी ठरली. बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत जास्त वाईट पडतो, आणि त्याला जखमा होतात त्या वेगळ्याच.

पण पुढची गोष्ट ऐका. १९९८ पासून ही माहिती सरकारने इंटरनेटवर सर्वांना खुली केली आणि २००८ च्या डिसेंबरात हॉटेलांसारखी एक ते पाच ताऱ्यांची पद्धत आणली. तारे मिळू लागताच तारे मिळवायच्या युक्त्या सुरू झाल्या. नोकर किती आणि जखमा किती, हे आकडे केंद्रांनी स्वतःच कळवायचे असत. न्यूयॉर्क टाइम्सने २०१४ साली यातली फसगत उघड केली. पुढे २०१६ पासून नोकरांचा आकडा पगारपत्रकावरून घेऊ लागले. पगार दिल्याशिवाय माणूस मोजता येत नाही, तेव्हा ही युक्ती बरी. गुंगीच्या औषधांची गोष्ट याहून वाईट. म्हातारी माणसे शांत पडून राहावीत म्हणून वेडावरची औषधे देतात, हे ठाऊक असल्याने त्याची टक्केवारी मोजू लागले. मात्र ज्यांना खरोखरच स्किझोफ्रेनिया आहे त्यांना मोजणीतून वगळले होते. झाले, ऐंशी वर्षांच्या आजीबाईंच्या कागदावर स्किझोफ्रेनिया लिहिला जाऊ लागला. २०२१ साली हे वर्तमानपत्रात आले आणि मग सरकारने त्याची वेगळी तपासणी लावली. साडेचार वाजता रात्री दहाची कूस बदलणाऱ्या आपल्या वहीची ही थोरली बहीणच म्हणायची.

म्हणून मोजूच नये, असा याचा अर्थ मी घेत नाही. जो मोजला जातो त्यानेच मोजू नये, एवढाच घेतो.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे, नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आले एवढेच. त्यातली शुश्रूषागृहाची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. आजार किंवा दुखापत असलेल्यांबरोबरच जराजर्जर, दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करण्याची जागा, असा तिचा आशय आहे. पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांना जे सुचले ते आपण विसरलो. जिथे लघवीची नळी घालतात, नाकातून नळीने जेवण देतात, जखमेची मलमपट्टी करतात, ते केंद्र 'आम्ही फक्त वृद्धाश्रम आहोत' असे म्हणून या कायद्यातून कसे सुटते, हे मला कळत नाही. वकील वाचकांनी जरूर कळवावे. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावणे बंधनकारक केले, ते चांगलेच झाले. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून वृद्धांच्या केंद्रांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत मांडले गेले होते. ते संमत न होता ती लोकसभाच संपली.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक केंद्राने दर्शनी फळ्यावर दरमहा चार आकडे लिहावेत: रहिवासी किती, त्यांतल्या किती जणांना इथे आल्यावर नवीन जखम झाली, किती जण पडले, आणि रात्री ड्यूटीवर माणसे किती असतात. 'इथे आल्यावर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. घरी दोन महिने एका कुशीवर ठेवून, जखम कुजल्यावर म्हातारीला केंद्रात आणून टाकणारी घरेही मी पाहिली आहेत. त्या जखमेचे माप केंद्राच्या पदरात घालणे अन्यायाचे होईल. उलट जो केंद्रचालक असे अवघड रुग्ण घेतो त्याचे आकडे वाईट दिसतील आणि हिंडते-फिरते म्हातारे तेवढे घेणारा शहाणा ठरेल. तेव्हा दाखल करतेवेळी नातेवाइकांसमोर सर्वांगाची पाहणी करून, आहे-नाही ते लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आणि फळ्यावरचे आकडे खरे आहेत का, हे बाहेरच्या एखाद्या परिचारिकेने वर्षातून दोनदा, न कळवता येऊन, चादर उचलून पाहावे. जिल्ह्यात निवृत्त झालेल्या कितीतरी अनुभवी सिस्टरबाई घरी बसून आहेत. कोणत्याही समितीपेक्षा त्या लवकर ओळखतील.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पत्रे पाठवणाऱ्या वाचकांना मी सांगतो ते असे. केंद्र बघायला ठरलेल्या वेळी जाऊ नका, रात्री नऊनंतर किंवा भल्या पहाटे जा. आत सोडले नाही तर तेही एक उत्तरच समजा. रात्री बारा रुग्णांना एकच मावशी असेल तर दर दोन तासांनी सगळ्यांच्या कुशी बदलणे तिला शक्य नाही, वहीत काहीही लिहिलेले असो. पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा आहे का पाहा. तो भरलेला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तो तुमच्यासाठी ठेवलेला आहे. मनगटावर वळ आहेत का पाहा. औषधांची चिठ्ठी मागून घ्या आणि झोपेची, गुंगीची गोळी कोणी आणि कशासाठी लिहिली हे आपल्या डॉक्टरांना विचारा. नळी घातली असेल तर ती लघवी तुंबते म्हणून की चादरी धुवायला नकोत म्हणून, हे विचारायला लाजू नका.

वजनाचे तर कोणी विचारतच नाही. महिन्यात शंभराला पाच किंवा सहा महिन्यांत दहा या हिशेबाने वजन उतरले तर कोणीतरी घास भरवायचा कंटाळा केला आहे किंवा आजार वाढतो आहे, दोन्ही तऱ्हांनी चौकशी हवी. पडून असलेल्या माणसाला काट्यावर उभे करता येत नाही. मग अंगणवाडीत पोरांचा मोजतात तसा दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने महिन्यातून एकदा, त्याच हाताचा, त्याच जागी मोजावा आणि तारीख घालून लिहावा.

केंद्रचालकांची बाजूही ऐकली पाहिजे. माणसे मिळत नाहीत, मिळालेली टिकत नाहीत. मुलगा पहिले दोन महिने पैसे भरतो, मग फोन उचलत नाही. दुसऱ्याच्या म्हातारीचा मळ काढणाऱ्या मावशीला जो पगार मिळतो तो सांगायलाही लाज वाटावी, आणि वर नातेवाईक तिच्याशीच अरेरावी करतात. माझ्या अक्काची पाठ बघायला सांगितले ती अशीच मावशी होती. नोकरी जाण्याची भीती असूनही तिने सांगितले. चांगले केंद्र ओळखायची आणखी एक खूण मी तिच्यामुळे शिकलो. तिथल्या मावश्यांना विचारा, इथे किती वर्षे आहात. तीन-चार महिन्यांच्या वर कोणी सांगत नसेल तर सावध व्हा.

अक्काला आम्ही नंतर तालुक्याच्या एका लहानशा केंद्रात हलवले. पत्र्याचे छप्पर, जुन्या खाटा, फरशी शहाबादी. चालवणाऱ्या बाई जिल्हा रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर आहेत. तिथेही खाटेला वही टांगलेली असते, तिच्यात खाडाखोड असते, कधी एखादी नोंद राहिलेलीही असते. मी एकदा ते दाखवले, तर त्या म्हणाल्या, 'डॉक्टर, वही मी महिन्याने बघते. पाठ रोज आंघोळीच्या वेळी बघते.' जखम भरायला सव्वाचार महिने लागले. टाचेचा फोड त्याआधीच सुकला. अक्का आता रविवारी मला खुर्चीत दिसतेच असे नाही, कित्येकदा डाव्या कुशीवर झोपलेली असते, आणि मी तिला उठवत नाही.